वेस्टगेट उघडते, तरी बूस्ट का चढतो?

वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

या वेळी ठाणे आणि नवी मुंबईतून आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे टर्बोच्या (एक्झॉस्टच्या वायूंनी फिरून इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या यंत्राच्या) दाबासंबंधी आहेत. पहिल्या पत्रातला प्रश्न इतरांच्या मुळाशी असल्याने त्याला अधिक जागा दिली आहे. उत्तरांत बूस्ट म्हणजे बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा जास्तीचा दाब असे समजावे; दाब बारमध्ये दिला आहे, १ बार म्हणजे सुमारे १४.५ पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच).

प्रश्न : माझ्याकडे १.२ लिटरची टर्बो पेट्रोल हॅचबॅक आहे. सहा महिन्यांपूर्वी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) काढून मी तीन इंची डाऊनपाइप (टर्बोतून निघणारा एक्झॉस्टचा पाइप) आणि फ्री-फ्लो सायलेन्सर बसवला आणि ईसीयू (इंजिनचा संगणक) रीमॅप, म्हणजे त्यातली सेटिंग्ज बदलून घेतली. रीमॅपमध्ये बूस्ट १.२ बार ठरवलेला आहे. तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये ३,००० आरपीएमला काटा बरोबर १.२ वर येतो. पण ४,५०० च्या पुढे तो सावकाश चढत १.५ पर्यंत जातो आणि गाडी झटका देऊन ओढ सोडते. दुसऱ्या गिअरमध्ये असे होत नाही, थंडीतल्या पहाटे मात्र हमखास होते. बूस्ट नियंत्रित करणारे दोन सोलेनॉइड (विजेवर चालणाऱ्या हवेच्या झडपा) बदलून झाले. आता मेकॅनिक म्हणतात की टर्बोची वेस्टगेट झडप उघडणाऱ्या ॲक्चुएटरचा रॉड दोन आटे आवळू या. आवळू द्यावा का?
(घोडबंदर रोड, ठाणे)

उत्तर : आवळू देऊ नये. आपल्या गाडीचा जो आजार दिसतो आहे तो त्याने बळावेल. त्याचे कारण समजण्यासाठी थोडे मागून यावे लागेल.

पावसाळ्यात बारवी किंवा मोरबे धरण भरले की जादा पाणी सांडव्यावरून जाते आणि पातळी एका मर्यादेत राहते. वेस्टगेट हा टर्बोचा सांडवा आहे. इंजिनातून आलेले तप्त वायू टर्बाइनचे चाक फिरवतात, त्याच दांड्यावरचा कॉम्प्रेसर हवा दाबतो, आणि दाब हवा तेवढा झाला की वेस्टगेटची झडप उघडून काही वायू टर्बाइनला वळसा घालून थेट सायलेन्सरकडे जातात. परंतु धरणात येणारे पाणी सांडव्याच्या क्षमतेपेक्षा अधिक असेल तर सगळे दरवाजे उघडूनही पातळी चढतच राहते. आपल्या पत्रातले वर्णन नेमके असे आहे. आरपीएम वाढेल तसे एक्झॉस्टचे वायू वाढतात, झडप आधीच पूर्ण उघडलेली असते, आणि तरीही जास्तीचे वायू टर्बाइनवरूनच जातात. या सावकाश चढण्याला बूस्ट क्रीप म्हणतात. काटा क्षणभर वर उसळून पुन्हा जागेवर आला असता तर त्याला स्पाइक म्हटले असते, आणि तेव्हा संशय सोलेनॉइडवर किंवा होस पाइपवर घेणे योग्य ठरले असते.

दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन वरचे आरपीएम इतक्या झपाट्याने ओलांडते की दाब चढायला अवधीच मिळत नाही. पहाटेचे कारण हवेच्या घनतेत आहे : ठाण्यात जानेवारीच्या पहाटे १८ अंश तापमान असताना हवा मे महिन्यातल्या ३४ अंशांच्या दुपारपेक्षा सुमारे पाच टक्के घन असते, म्हणजे तेवढेच अधिक वायू एक्झॉस्टमध्ये येतात.

आता सोलेनॉइड. आपल्या गाडीत ॲक्चुएटर हवेवर चालणारा आहे असे पत्रावरून दिसते. त्याच्या डब्यात रबरी डायफ्राम आणि स्प्रिंग असते. कॉम्प्रेसरकडून आलेला दाब डायफ्रामवर पडून स्प्रिंगला हरवतो तेव्हा रॉड पुढे सरकतो आणि झडप उघडते. सोलेनॉइड या वाटेत बसून थोडी हवा सोडून देतो, त्यामुळे ॲक्चुएटरला खऱ्यापेक्षा कमी दाब जाणवतो, झडप उशिरा उघडते आणि बूस्ट वाढतो. म्हणजे ईसीयू सोलेनॉइडकरवी बूस्ट स्प्रिंगच्या पातळीच्या वर नेऊ शकतो, त्या पातळीच्या खाली आणू शकत नाही. झडपेतून वायू पुरेसे जातच नसतील तर सोलेनॉइड दोन बदला की दहा, फरक पडणार नाही.

याची खात्री खर्चाशिवाय होते. सोलेनॉइडचा विजेचा जोड तसाच राहू द्यावा, नाहीतर ईसीयू दोष नोंदवून गाडी लिंप मोडमध्ये (ताकद मुद्दाम कमी ठेवणाऱ्या संरक्षक अवस्थेत) टाकेल. फक्त हवेचा पाइप कॉम्प्रेसरच्या निपलवरून थेट ॲक्चुएटरला जोडावा आणि सोलेनॉइडची मोकळी तोंडे बंद करावीत. आता गाडी निव्वळ स्प्रिंगच्या दाबावर चालेल. ही चाचणी डायनोवर (गाडी जागेवरच चालवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) करावी. पाम बीच मार्ग रात्री मोकळा दिसतो म्हणून तिथे करू नये. काटा सगळ्या आरपीएमला एका पातळीवर स्थिर राहिला तर दोष नियंत्रणाच्या बाजूला आहे. स्प्रिंगवर चालतानाही वरच्या आरपीएमला तो चढला तर दोष झडपेच्या मार्गात आहे, आणि माझा अंदाज तोच आहे. रीमॅप करणाऱ्यांकडे स्कॅनरचा लॉग असेल तर तोही पाहावा. बूस्ट ठरवलेल्याच्या वर असताना वेस्टगेट ड्युटी (ईसीयू सोलेनॉइडला देत असलेल्या आदेशाची टक्केवारी) शून्याकडे गेलेली दिसली, तर ईसीयू झडप पूर्ण उघडी ठेवायला सांगत आहे आणि तरी त्याचे काही चालत नाही, असा त्याचा अर्थ.

दोष तिथे निघाला तर पैसे खर्च करण्यापूर्वी एक साधी गोष्ट पाहावी. बाहेरून आणलेल्या डाऊनपाइपच्या फ्लँजची (जोडावरच्या सपाट चकतीची) कड किंवा आतला वेल्डिंगचा थर झडपेच्या आड येतो आणि ती अर्ध्यातच अडते, असे मी वारंवार पाहिले आहे. डाऊनपाइप सोडवून प्रेशर गेज असलेल्या हातपंपाने ॲक्चुएटरला हवा द्यावी, रॉड पूर्ण किती सरकतो त्याची खूण करावी, मग डाऊनपाइप बसवून तीच हवा पुन्हा द्यावी. रॉड आता खुणेच्या अलीकडे थांबला तर कारण सापडले. फ्लँज घासून काम होईल.

रॉड आवळण्याविषयी. रॉड आखूड केला की तो झडपेच्या दांडीला अडकवण्यासाठी डब्यातून अधिक बाहेर ओढावा लागतो. त्यामुळे स्प्रिंग आधीच दाबलेली राहते आणि झडप उशिरा उघडू लागते, हे खरे आणि मेकॅनिकना तेवढेच अभिप्रेत असावे. पण ॲक्चुएटरच्या एकूण धावेपैकी तेवढी धाव बसवतानाच खर्ची पडते, आणि झडप पूर्वीइतकी उघडत नाही. ज्या गाडीत झडप पूर्ण उघडूनही पुरत नाही, तिथे ती कमी उघडण्याची सोय करणे म्हणजे आगीतून फुफाट्यात जाणे होय.

फ्लँज आड येत नसेल तर छिद्राचाच प्रश्न उरतो. त्यात एक हिशेब उपयोगी आहे. गोल छिद्रावरची झडप छिद्राच्या व्यासाच्या चौथ्या हिश्शाइतकी उचलली की भोवतीची मोकळी जागा छिद्राच्या क्षेत्रफळाएवढी होते. २४ मिलिमीटरच्या छिद्राला हे ६ मिलिमीटर झाले. झडप बिजागरीवर तिरकी उघडते म्हणून प्रत्यक्षात थोडे अधिक उघडावे लागते, परंतु एका टप्प्यानंतर झडप आणखी उघडून फायदा नसतो. छिद्र २८ मिलिमीटर केले तर क्षेत्रफळ सुमारे ३६ टक्क्यांनी वाढते. हे काम वागळे इस्टेट किंवा रबाळ्यातल्या चांगल्या मशीन शॉपमध्ये होऊ शकते, मात्र झडपेच्या चकतीला टेकायला भोवती पुरेशी कड उरली पाहिजे, छिद्राकडे जाणारी वाट वळणावर गुळगुळीत केली पाहिजे, आणि मोठ्या छिद्रावर वायूंचा रेटाही त्याच प्रमाणात वाढतो म्हणून कदाचित अधिक कडक स्प्रिंगचा ॲक्चुएटर लागेल. हे शेवटचे सांगायला बहुतेक कारागीर विसरतात आणि मग गाडीला पिकअप राहिला नाही अशी तक्रार घेऊन मालक परत येतो.

माझा सल्ला विचाराल तर मी छिद्राला हात लावण्याआधी मूळ डाऊनपाइप आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर परत बसवीन. टर्बाइनला मिळणारी ताकद तिच्या आधीच्या आणि नंतरच्या दाबातील तफावतीवर अवलंबून असते. पुढची वाट मोकळी केली की तेवढ्याच वायूंत चाक अधिक जोराने फिरते आणि कारखान्याने ज्या हिशेबाने छिद्र ठेवले तो हिशेब मोडतो. १९६२ साली अमेरिकेत दोन टर्बो मोटारी बाजारात आल्या. ओल्डस्मोबिल जेटफायरला वेस्टगेट होते. शेव्हरोले कॉर्व्हेअरच्या टर्बो आवृत्तीला ते नव्हतेच, तिचा बूस्ट सायलेन्सरच्या अडथळ्याने आणि कार्ब्युरेटरच्या मर्यादेने आवरला जाई. सायलेन्सर हा बूस्टवरचा लगाम असतो हे त्या अभियंत्यांनी गृहीतच धरले होते, आणि आपण नेमका तोच लगाम काढला आहे.

१.२ आणि १.५ बारमधला फरक किरकोळ समजू नये. बाहेर ३२ अंश असताना आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली असता १.२ बारला त्यातून निघणारी हवा सुमारे १४० अंशांची, तर १.५ बारला १६० अंशांच्या पुढची असते. त्या दाबाला छोट्या टर्बोची कार्यक्षमता आणखी घसरलेली असते, तेव्हा खरा आकडा याहून वाईट असेल. दाबलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरचे काम वाढते आणि नॉकिंगचा (इंधन अवेळी पेटून इंजिनावर आघात होण्याचा) धोका जवळ येतो. पेट्रोलमधले इथेनॉल नॉकिंग रोखायला मदत करते हे खरे. मात्र निव्वळ पेट्रोलच्या एका भागाला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते तर इथेनॉलला सुमारे ९, म्हणजे तेवढ्याच हवेला ई२० (२० टक्के इथेनॉलचे) इंधन अधिक सोडावे लागते आणि इंजेक्टरची मर्यादा लवकर गाठली जाते. गाडी जो झटका देते तो ईसीयूने इंधन तोडल्याचा आहे आणि तो आपल्या पिस्टनवर उपकारच आहे. तो झटका घालवण्यासाठी रीमॅपमध्ये संरक्षणाची मर्यादा वाढवून देतो असे कोणी म्हणाले तर नकार द्यावा.

प्रश्न : ऐरोलीच्या एका ओळखीच्या दुकानातून मी हाताने फिरवायचा बूस्ट कंट्रोलर घेतला. गाडी जुनी, टर्बो पेट्रोल आहे. बूस्टला ईसीयूचे नियंत्रण नाही, स्प्रिंग ०.५ बारची आहे. कंट्रोलर ०.८ वर ठेवला तर काटा आधी १.० ला उसळतो आणि मग ०.८ वर येतो. पाइप मॅनिफोल्डवरून (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या भागावरून) घेतला आहे. चूक कुठे आहे?
(ऐरोली)

उत्तर : चूक पाइपात असण्याची शक्यता अधिक आहे. अशा कंट्रोलरचे दोन प्रकार मिळतात. एकात साधी चावी असते, जी ॲक्चुएटरकडे जाणारी थोडी हवा सतत बाहेर सोडते. दुसऱ्यात स्प्रिंगने दाबलेली गोळी असते, जी ठरलेला दाब येईपर्यंत ॲक्चुएटरकडे हवा जाऊच देत नाही. गोळीच्या प्रकारात टर्बो लवकर भरतो, कारण झडप शेवटपर्यंत घट्ट बंद राहते. पण गोळी उघडल्यावर पाइप आणि ॲक्चुएटरचा डबा भरायला जो क्षण लागतो तेवढ्यात दाब पुढे निघून जातो. पाइप लांब आणि जाड असेल तर हा क्षण लांबतो. आपला पाइप मॅनिफोल्डपासून इंजिनच्या मागून वळसा घालून येत असणार. तो कॉम्प्रेसरच्या निपलवरून घ्यावा आणि शक्य तितका आखूड, चार मिलिमीटरच्या आसपास आतल्या व्यासाचा ठेवावा. पेट्रोल गाडीत मॅनिफोल्डवर थ्रॉटल (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) मिटल्यावर व्हॅक्यूम येतो, शिवाय थ्रॉटल अर्धवट असताना टर्बोकडचा दाब तिथे दिसत नाही. ॲक्चुएटरसाठी ती जागा योग्य नाही. निपलवरून घेतल्यास इंटरकूलरमध्ये घटणारा दाब लक्षात घ्यावा लागतो, म्हणजे मॅनिफोल्डवरचा काटा किंचित कमी दिसेल. गोळीच्या कंट्रोलरला ॲक्चुएटरच्या बाजूला सुईएवढे छिद्र असते, त्यातून अडकलेली हवा निघून झडप पुन्हा मिटते. ते कचऱ्याने बुजलेले नाही ना, तेही पाहावे.

यापेक्षा महत्त्वाची गोष्ट क्लॅम्पची. हा पाइप निसटला किंवा उष्णतेने चिरला तर ॲक्चुएटरला दाब पोहोचत नाही, झडप उघडत नाही, आणि बूस्टला वरची मर्यादाच राहत नाही. माझ्या स्वतःच्या गाडीत टर्बोजवळचा असा पाइप गरम झाल्यावरच चिरेतून उघडायचा आणि थंड असताना साबणाच्या पाण्यानेही बुडबुडा दाखवायचा नाही. चार रविवार त्यात गेले. तेव्हापासून मी टर्बोजवळ साधा रबरी पाइप वापरत नाही, सिलिकॉनचा वापरतो आणि दोन्ही टोकांना क्लॅम्प लावतो. नव्या, ईसीयूने बूस्ट सांभाळणाऱ्या गाडीत मात्र हा कंट्रोलर बसवूच नये. ईसीयूला ठरवलेल्यापेक्षा अधिक दाब दिसला की तो थ्रॉटल मिटतो, आणि मग चालकाला वाटते की कंट्रोलर बिघडला.

प्रश्न : माझ्या गाडीच्या डॅशबोर्डवर वेगळा बूस्ट गेज लावला आहे. पाम बीच मार्गावर तो जास्तीत जास्त १.० बार दाखवतो. महाबळेश्वरला गेलो तेव्हा तो १.१ च्या वर गेला. स्कॅनरवर मात्र दोन्हीकडे दाब सारखाच. गेज खराब आहे का?
(खारघर)

उत्तर : गेज चांगला आहे. स्कॅनर निरपेक्ष (निर्वातापासून मोजलेला) दाब दाखवतो, गेज भोवतालच्या हवेशी तुलना करून दाखवतो. समुद्रसपाटीला हवेचा दाब सुमारे १.०१ बार असतो. महाबळेश्वर साधारण १,३५० मीटरवर आहे आणि तिथे तो सुमारे ०.८६ बार असतो. आपला ईसीयू निरपेक्ष दाब २.० बार ठेवतो, म्हणून खाली गेज १.० आणि वर जवळपास १.१४ दाखवतो. ज्या जुन्या गाडीत निव्वळ स्प्रिंग असते तिथे उलट घडते : ॲक्चुएटरच्या डायफ्रामची मागची बाजू बाहेरच्या हवेला उघडी असल्याने गेज दोन्हीकडे सारखाच राहतो, आणि घाटमाथ्यावर इंजिनला खरोखर कमी हवा मिळते.

आपल्या बाबतीत लक्षात ठेवण्यासारखे हे की तेवढाच निरपेक्ष दाब देण्यासाठी कॉम्प्रेसरला खाली दुप्पट, तर वर सुमारे २.३ पट दाबावे लागते, म्हणजे चाक अधिक वेगाने फिरते. कारखान्याच्या मॅपमध्ये उंचीनुसार बूस्ट कमी करण्याची तरतूद सहसा असते. रीमॅप करून घेतले असेल तर ती तरतूद शाबूत ठेवली आहे का हे विचारावे. लोणावळ्यापर्यंतच जाणे-येणे असेल तर तिथे फरक पाव बारच्या खूप आत असतो, त्याची चिंता नको.

प्रश्न : कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढणे किंवा रीमॅप असे बदल केलेली गाडी वाशीच्या आरटीओत फिटनेससाठी किंवा विकताना अडते का? विमा कंपनीला कळवावे का?
(वाशी)

उत्तर : मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका घेतली. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ खाली मालकाला प्रत्येक अनधिकृत बदलासाठी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढणे हे सर्वांत सहज पकडले जाणारे. विमा कंपनीला न कळवलेला बदल अपघातानंतर दावा नाकारण्याचे कारण ठरू शकतो, म्हणून लेखी कळवावे आणि उत्तरही लेखी घ्यावे.

प्रश्न : माझी डिझेल गाडी घाट चढताना लिंप मोडमध्ये जाते, स्कॅनर जादा बूस्टचा दोष दाखवतो. मेकॅनिकला वेस्टगेट सापडत नाही. टर्बोवर एक छोटा स्टॉप स्क्रू आहे, तो फिरवून बूस्ट कमी होईल का?
(कोलशेत, ठाणे)

उत्तर : आपल्या टर्बोला वेस्टगेट नसावे. अनेक डिझेल गाड्यांत टर्बाइनभोवती हलणारी पाती असतात; ती मिटली की वायू अरुंद फटीतून वेगाने चाकावर पडतात आणि बूस्ट वाढतो, उघडली की कमी होतो. सांडव्याची गरजच राहत नाही. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या रोजच्या संथ रहदारीत या पात्यांवर काजळी साचते, ती मिटलेल्या स्थितीत अडकतात आणि घाटात भार आला की दाब मर्यादेच्या वर जातो. इंजिन बंद करून दांडा हाताने हलवून पाहावा. तो पूर्ण धावेत सहज फिरला नाही तर टर्बो उतरवून पाती साफ करावी लागतील. तो सहज फिरत असेल तर व्हॅक्यूमचा सोलेनॉइड आणि ॲक्चुएटर तपासावा. बहुतेक गाड्यांत व्हॅक्यूम पाइप चिरल्याने बूस्ट कमी पडतो, जास्त होत नाही, त्यामुळे आपल्या दोषासाठी तो शेवटी पाहिला तरी चालेल. स्टॉप स्क्रू पाती जास्तीत जास्त किती मिटावीत याची मर्यादा ठरवतो आणि कारखान्यात हवेचा प्रवाह मोजून लावलेला असतो. त्यावरची रंगाची खूण अजून शाबूत असेल तर ती तशीच राहू द्यावी, आणि आधीच कोणी फिरवला असेल तर टर्बो दुरुस्त करणाऱ्याला ते स्पष्ट सांगावे, म्हणजे तो प्रवाह मोजून स्क्रू पुन्हा लावील.